दोन बल्ब, एक पंखा आणि बिल 2,100? आधी मीटरचा नंबर बघा

आमच्या गल्लीत मार्च महिन्यात जुनी मीटरं काढून नवीन बसवली. ठेकेदाराची पोरं आली, दुपारच्या आत बारा-पंधरा घरं उरकून गेली. त्यानंतर एप्रिलचं बिल आलं आणि आमच्या शेजारच्या काकू बिल घेऊन माझ्याकडं आल्या. आधी महिन्याला साडेतीनशे-चारशेच्या घरात येणारं बिल एकदम 2,100 रुपये.

"अरे, माझे दोन बल्ब नि एक पंखा. एवढी लाईट मी खाती का?" असं त्यांचं म्हणणं.

मी पण तेव्हा सगळे म्हणतात तेच म्हणालो. नवीन मीटर जोरात पळतंय, उन्हाळा आहे, पंखा जास्त चालला असेल. चूक माझीच. त्या दिवशी पाच मिनिटं भिंतीपाशी जाऊन उभा राहिलो असतो तर पुढचे पाच महिने वाचले असते. काकूंना श्रावणबाळ योजनेचे 1500 रुपये मिळतात, आणि बिल त्याच्याही वर. पहिली दोन बिलं त्यांनी भिशीतून उचल घेऊन भरली. पुढची तीन राहिली. ऑगस्टमध्ये लाईट तोडण्याची नोटीस आली तेव्हा आम्ही नीट बघायला बसलो.

निघालं काय, तर काकूंचं आणि त्यांच्या पुतण्याचं मीटर एकमेकांत गेलं होतं. दोघांची घरं एका भिंतीला, मीटरं एका पत्र्याच्या पेटीत शेजारी-शेजारी. पुतण्याच्या घरात फ्रीज, हिटर, मिक्सर, पाण्याची छोटी मोटर, सहा माणसं. त्याला महिन्याला चारशेच्या आत बिल येत होतं आणि तो गावभर सांगत होता की नवीन मीटर लई चांगलं आहे!

असे प्रकार एका गल्लीपुरते नाहीत. जिथं दोन-तीन मीटरं एका जागी आहेत, भावाभावांच्या वाटण्या झाल्यात, मीटर घराबाहेर काढून भिंतीवर किंवा खांबावर लावलंय, तिथं हे होऊ शकतं. म्हणून आम्ही जे केलं आणि जे चुकलं, ते सविस्तर लिहितोय.

आधी घरातला हिशोब

तक्रार करायच्या आधी आपला वापर किती असायला पाहिजे याचा अंदाज काढा. एक युनिट म्हणजे हजार वॅटची वस्तू एक तास चालणं. काकूंचा पंखा साधारण 70 वॅटचा. रोज दहा तास चालला तर महिन्याला 21 युनिट. नऊ वॅटचे दोन एलईडी बल्ब रोज पाच तास, म्हणजे महिन्याला तीन युनिटही होत नाहीत. 60 वॅटचा टीव्ही रोज चार तास धरला तर सात युनिट. सगळं मिळून तीसच्या आसपास, थोडं सैल धरून 35. आणि बिलावर युनिट होती 210.

हा फरक पंखा जास्त चालल्यानं पडत नाही. 210 युनिट करायची तर काकूंना तो एक पंखा दिवसाचे शंभर तास चालवावा लागला असता.

उलटंही बघा. घरात फ्रीज, हिटर, मोटर असून बिल 30-40 युनिटचं येत असेल तर खुश होऊ नका. ते पैसे कुठंतरी दुसऱ्याच्या नावावर जमा होत असतात आणि कधीतरी एकदम अंगावर येतात.

बिल आणि मीटर समोरासमोर धरा

महावितरणच्या बिलावर बारा अंकी ग्राहक क्रमांक असतो, तो वेगळा. मीटर क्रमांक वेगळा. बरेच जण ग्राहक क्रमांकच मीटरचा नंबर समजतात. बिल घेऊन मीटरपाशी जा आणि मीटरच्या तोंडावर छापलेला नंबर बिलावरच्या मीटर क्रमांकाशी अंक न् अंक जुळवून बघा. बिलावर मीटरचा फोटो छापलेला असेल तर त्यातला आकडा आणि 'चालू रीडिंग' जुळतंय का तेही बघा. फोटो धूसर असला तर मोबाईलवर बिल उघडून मोठा करा.

नंबर जुळलाच नाही तर गोष्ट सोपी आहे, चूक कागदावरच दिसते. काकूंच्या बाबतीत मात्र घोटाळा असा की बिलावरचा नंबर त्या पेटीतल्याच एका मीटरचा होता. त्यामुळं पहिल्यांदा आलेला वायरमन म्हणाला, "नंबर बरोबर आहे, बिल भरा." नंबर बरोबरच होता, पण त्या मीटरमधून लाईट पुतण्याच्या घरात जात होती.

हे ओळखायचं कसं? मीटरवर एक लाल दिवा असतो, तो वापराप्रमाणं लुकलुकतो. मीटरवर बारीक अक्षरात 3200 किंवा 1600 असा आकडा लिहिलेला दिसेल. तेवढ्या वेळा दिवा लुकलुकला की एक युनिट पडतं. जास्त वापर असेल तर भराभर, कमी असेल तर सावकाश.

आता दोन्ही घरची माणसं समोर उभी करा. एका घराचा मेन स्विच बंद करा (इन्व्हर्टर असेल तर त्याचा विचार करून, नाहीतर घरात उजेड दिसतो आणि माणूस फसतो). दुसऱ्या घरात एखादी जड वस्तू, हिटर किंवा इस्त्री, चालू ठेवा. ज्याचा मेन बंद, त्याच्या मीटरचा दिवा लुकलुकायचा थांबला पाहिजे. काही मीटरांत तो विझतो, काहींत नुसता स्थिर पेटून राहतो. दोन्ही ठीक, लुकलुकणं थांबलं पाहिजे एवढंच. काकूंचा मेन पाडला, तर त्यांच्या नावाचं मीटर जोरात लुकलुकतच राहिलं आणि शेजारचं गप्प झालं. मग पुतण्याचा मेन पाडला, तर उलटं झालं. दोन्ही वेळा मोबाईलवर व्हिडिओ काढला. त्यात आधी मीटरचा नंबर, मग दिवा, मग बंद केलेला मेन स्विच, असं एका दमात न थांबवता घेतलं. पुढं कामाला आला तो हाच व्हिडिओ.

दोन्ही मेन पाडल्यावरही दिवा लुकलुकत असेल तर प्रकरण वेगळं. मीटर आणि मेन स्विचच्या मधून कुणीतरी वायर घेतलेली असू शकते. गोठ्याची, सामाईक बोअरची किंवा जुन्या वाटणीतल्या खोलीची. किंवा मीटरमध्येच बिघाड असेल, मग फी भरून मीटर तपासणी मागावी लागते.

एक गोष्ट बजावून सांगतो. पेटी बाहेरून बघा, सील तोडू नका, वायरीला हात लावू नका. "दोन स्क्रू तर ढिले करायचेत, मी बदलतो" म्हणणारा एकतरी हुशार गल्लीत असतोच. आमच्याकडं पण होता. जीवाला धोका तर आहेच, वर मीटरशी छेडछाड हा वीज कायदा 2003 प्रमाणं गुन्हा आहे. तक्रारदार राहायचं सोडून आरोपी व्हायची वेळ येते.

अर्ज कुणी करायचा, काय लिहायचं

इथं आमच्याकडं खरी अडचण आली. अदलाबदल सिद्ध झाली तर काकूंचे पैसे परत येणार, पण ते पुतण्याच्या बिलात चढणार. पुतण्या आधी व्हिडिओ काढायलाही तयार नव्हता. "मला जे बिल आलं ते मी भरलं, माझा काय दोष?" तो बोलला ते खोटं नव्हतं. त्यानं काही केलंच नव्हतं. पण हीटरवर त्याचं पाणी तापत होतं आणि पैसे म्हातारी भरत होती, हेही खरं. आठ दिवस चुलती-पुतण्याचं बोलणं बंद होतं. शेवटी त्याच्याच बायकोनं सांगितलं की आज ना उद्या निघणारच आहे, जितके महिने वाढतील तितका आकडा वाढेल. मग तो आला.

दोघांनी मिळून एकच अर्ज दिला, दोघांच्या सह्या. असं झालं तर काम निम्मं होतं. शेजारी तयार नसेल तर एकट्यानं अर्ज द्या, काही अडत नाही. फक्त अर्जात स्थळ पाहणी मागा.

अर्जात फार रडगाणं लिहू नये. आमचा अर्ज असा होता: आमचे ग्राहक क्रमांक अमुक आणि अमुक. मार्च महिन्यात मीटर बदलले. तेव्हापासून दोन्ही घरांचा वापर एकमेकांच्या बिलात लागत आहे. मेन स्विच बंद करून दोघांसमक्ष खात्री केली आहे. तरी स्थळ पाहणी करून लेखी अहवाल द्यावा, अदलाबदल दुरुस्त करावी, मीटर बदलल्या तारखेपासूनची दोन्ही बिलं महिनानिहाय दुरुस्त करावीत आणि तोवर पुरवठा तोडू नये. सोबत मीटर बदलायच्या आधीची सहा आणि नंतरची पाच बिलं, आणि मीटरचे फोटो.

बिल काकूंच्या मयत नवऱ्याच्या नावावर होतं. गावात निम्मी बिलं अशीच आहेत. त्यासाठी तक्रार थांबवू नका. जो राहतो आणि वापरतो त्यानं अर्ज द्यायचा, नाव बदलायचा अर्ज वेगळा टाकायचा. काकूंनी दोन्ही एकदम दिले.

अर्ज सेक्शन ऑफिसला किंवा उपविभागाला द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक नंबर घ्या. वायरमनच्या हातात दिलेला अर्ज म्हणजे अर्ज नव्हे. सोबत 1912 किंवा 1800-212-3435 वर फोन करून तक्रार क्रमांक घ्या, किंवा महावितरणच्या ॲपवरून तक्रार टाका. फोनवरची तक्रार लाईट गेली म्हणून असते तशी लवकर बंद करून टाकतात, म्हणून कागद पाहिजेच.

ऑफिसात गेल्यावर दोन शब्द लक्षात ठेवा. एक 'सीपीएल', म्हणजे आपल्या ग्राहक क्रमांकाचा महिनावार खातेउतारा. सातबारासारखंच समजा. त्यात प्रत्येक महिन्याचं रीडिंग, युनिट, मीटर क्रमांक, भरलेली रक्कम सगळं दिसतं. मीटर कुठल्या महिन्यात बदललं आणि वापर कुठं उडी मारतो हे त्या एका कागदावर कळतं. दुसरा शब्द 'बी-80'. बिलाची रक्कम कमी-जास्त करायचा प्रस्ताव ज्या कागदावर जातो त्याला ऑफिसात हेच म्हणतात. "तुमचं काम चालू आहे" असं कुणी म्हणालं तर "बी-80 टाकली का, कधी टाकली?" एवढं विचारा. समोरचा माणूस खुर्चीत जरा सरळ बसतो.

नोटीस आली असेल तर

काकूंना सगळ्यात जास्त भीती याचीच होती. वीज कायदा 2003 चं कलम 56 सांगतं की थकबाकीसाठी पुरवठा तोडायच्या आधी पूर्ण 15 दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. त्याच कलमात ग्राहकाच्या बाजूची एक सोय आहे, ती फार कमी लोकांना माहीत आहे. बिलाबद्दल वाद असेल तर ग्राहक हरकत नोंदवून एकतर मागितलेली रक्कम भरू शकतो, किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीनं होणारी रक्कम भरू शकतो. दोन्हींतली जी कमी असेल ती. तेवढी भरली की वाद मिटेपर्यंत लाईट तोडता येत नाही.

म्हणून वाद आहे म्हणून बिल भरायचंच नाही, असं करू नका. काकूंनी तीन बिलं तशीच ठेवली, म्हणून त्या थकबाकीदार झाल्या. भरताना सोबत "हरकतीसह भरत आहे" असा एक ओळीचा अर्ज देऊन पोहोच घ्यायची. उशीर करू नये याला अजून एक कारण आहे. अदलाबदल नवीन असतानाच सहा महिन्यांच्या सरासरीत जुनी, खरी बिलं येतात. जास्त महिने गेले की सरासरीच फुगते.

पैशाचा हिशोब असा मागा

घरगुती विजेचा दर टप्प्यानं चढतो. पहिली 100 युनिट स्वस्त, 101 ते 300 महाग, 301 ते 500 आणखी महाग, 500 च्या वर सगळ्यात महाग. दर बदलत असतात, म्हणून इथं फक्त समजण्यापुरते आकडे धरू. समजा पहिल्या टप्प्याला 5 रुपये, दुसऱ्याला 11, तिसऱ्याला 15 आणि वर 17. स्थिर आकार दोघांनाही लागतो, तो सोडून देऊ.

35 युनिटचे होतात 175 रुपये. 210 युनिटचे होतात 1,710. म्हणजे दर महिन्याला काकूंवर 1,535 रुपये जास्त आणि पुतण्यावर तेवढेच कमी. पाच महिन्यांचे 7,675.

आता पुतण्याच्या बाजूनं बघा. त्याच्याकडून राहिलेली युनिट महिन्याला 175, पाच महिन्यांची 875. ही 875 युनिट एकाच महिन्याच्या बिलात टाकली तर ती वरच्या टप्प्यांत जातात आणि याच दरानं 12,075 रुपये होतात. म्हणजे 4,400 रुपये उगाच. ज्याची वसुली निघते त्यानंही गप्प बसायचं नाही. अर्जात 'महिनानिहाय' हा शब्द आम्ही त्याच्यासाठी घातला होता. पुतण्याची सही मिळाली त्याला हाही हिशोब कारण होता, बायकोचं बोलणं तर होतंच. निघालेली रक्कम हप्त्यानं भरायचीही परवानगी मागता येते, त्यानं ती मागितली आणि मिळाली.

काकूंचे पैसे हातात रोख आले नाहीत. आधी राहिलेली तीन बिलं त्यातून कमी झाली, आणि भरलेल्या दोन बिलांतली जास्तीची रक्कम पुढच्या बिलात वजा दाखवली. वजा म्हणजे आकड्यामागं उणे चिन्ह, तेवढे पैसे संपेपर्यंत भरायचं काही नाही. भिशीचं व्याज मात्र काकूंच्या पदरचं गेलं. दरापेक्षा जास्त घेतलेली रक्कम बँक रेटच्या व्याजासह परत मागायची सोय कायद्याच्या कलम 62 मध्ये आहे. अर्जात ते लिहायचं आमच्याकडून राहिलं, तुम्ही लिहा.

अदलाबदल फार जुनी असेल तर? कलम 56 मध्येच दोन वर्षांची मर्यादा आहे. पण सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये राजस्थानातल्या अजमेरच्या एका प्रकरणात सांगितलं की चुकीनं राहून गेलेली रक्कम कंपनी नंतरही मागू शकते, फक्त त्या जुन्या रकमेसाठी लाईट तोडता येणार नाही. त्यामुळं "दोन वर्षं झाली, आता काय करणार" या भरवशावर कुणी राहू नये. आणि एक, बिघडलेल्या मीटरसाठी नियामक आयोगाच्या नियमात तीन महिन्यांपर्यंतच दुरुस्ती करायची मर्यादा आहे. ऑफिसात कुणी तो नियम दाखवला तर सांगा, मीटर बिघडलेलं नाही, मीटर बरोबर आहे, चुकीच्या नावावर आहे.

दुरुस्तीनंतर परत उलटं

हे आमच्याकडं झालं म्हणून सांगतोय. पाहणी झाली, वायरमननं पेटीतल्या वायरी इकडच्या तिकडं केल्या. सगळे चहा प्यायले. पुढच्या महिन्यात काकूंना परत मोठं बिल! कारण इकडं वायरी बदलल्या आणि तिकडं कॉम्प्युटरवर मीटर नंबरही बदलले गेले. दोन्ही केल्यावर परत जिथं होतो तिथंच.

दोन्हींतलं एकच करायचं असतं. वायर बदला, नाहीतर नोंद बदला. काय केलं ते पाहणी अहवालात लिहून घ्या, त्या दिवशीचं दोन्ही मीटरांचं रीडिंग लिहून घ्या आणि अहवालाची प्रत मागा. मग मेन स्विचची परीक्षा त्याच जागी, वायरमन उभा असतानाच परत घ्या. पहिलं नवीन बिल आलं की परत एकदा. आमचं दुसऱ्यांदा सरळ व्हायला ऑक्टोबर उजाडला.

कुणी दादच दिली नाही तर

वरच्या कार्यालयात स्मरणपत्र द्या, आणि तरीही काही हललं नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडं जा. हा मंच महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या नियमांप्रमाणं चालतो. ठरलेला नमुना भरून, कागद जोडून अर्ज करायचा. वकील लागत नाही, आपली बाजू आपण मांडायची. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं आणि मंचानं 60 दिवसांत निर्णय द्यायचा असतो. तो पटला नाही तर 60 दिवसांत विद्युत लोकपालाकडं दाद मागता येते, त्यांची कार्यालयं मुंबई आणि नागपूरला आहेत. तिथं शिक्का मारलेला अर्ज, सीपीएल आणि व्हिडिओ याच तीन गोष्टी बोलतात.

ज्यांच्याकडं आता नवीन मीटर बसायचं आहे त्यांनी एवढं करावं. माणूस आला की जुनं मीटर काढायच्या आधी त्याच्या शेवटच्या रीडिंगचा फोटो, नवीन मीटरचा नंबर आणि सुरुवातीच्या रीडिंगचा फोटो, आणि तो जायच्या आधी मेन पाडून दिव्याची परीक्षा. शेतात असाल तर घरातल्या पोराला सांगून ठेवा, पोरांना हे आपल्यापेक्षा लवकर जमतं.

काकूंच्या पेटीखाली पुतण्यानं भिंतीवर ऑइल पेंटनं दोन्ही मीटरांचे शेवटचे चार-चार अंक लिहिलेत, एकाखाली 'काकू' आणि एकाखाली 'आम्ही'. रीडिंगवाला आला की काकू आधी त्याला ते वाचायला लावतात.